लेखांची यादी दिसते, पण लेख उघडत नाही : स्वतःच्या संकेतस्थळावरील ब्लॉगचा ‘४०४’ दोष

लक्षणे

स्वतःच्या नावाच्या संकेतस्थळावर वर्डप्रेस (संकेतस्थळ आणि ब्लॉग चालवण्याची प्रणाली) बसवले, ब्लॉग सुरू केला, पहिले काही लेख चढवले आणि मुखपृष्ठावर त्यांची शीर्षकेही नीट दिसू लागली. परंतु शीर्षकावर क्लिक करताच ‘४०४’ हा आकडा आणि पान सापडले नसल्याची सूचना समोर येते. हे या दोषाचे मुख्य लक्षण होय. पुण्यात ओळखीच्या निवृत्त प्राध्यापकांची, वैद्यांची, गिर्यारोहकांची आणि संगीतशिक्षकांची वैयक्तिक संकेतस्थळे उभी करून देताना हाच दोष मी वारंवार दुरुस्त केला आहे, आणि तो दर वेळी थोड्या वेगळ्या रूपात समोर येतो.

कधी लेखकाला स्वतःला लेख दिसतो, पण ज्यांना दुवा पाठवला त्यांना दिसत नाही. कधी इंग्रजी शीर्षकाचे लेख उघडतात आणि मराठी शीर्षकाचे अडतात. कधी व्हॉट्सॲपवरून पुढे गेलेल्या दुव्यावर भलताच लेख उघडतो. कधी सगळे सुरळीत चालू असते आणि संकेतस्थळ एका सर्व्हरवरून (संकेतस्थळ जेथे साठवलेले असते त्या संगणकावरून) दुसऱ्या सर्व्हरवर हलवल्यानंतर मुखपृष्ठ वगळता एकही पान उघडत नाही. सर्वांत त्रासदायक रूप म्हणजे दुरुस्ती केल्यावर काही दिवस ठीक चालून दोष पुन्हा उद्भवणे. लेखांची यादीच रिकामी दिसत असेल, तर मात्र तो हा दोष नव्हे. तेथे सेटिंग्जमधील ‘रीडिंग’ या भागात लेखांसाठी कोणते पान नेमले आहे तेवढे पाहावे.

पुढील तपासण्या फुकट आणि सोप्या तपासण्यांपासून सुरू होतात. हा क्रम सोडून थेट सर्व्हरवरील फाइलींना हात लावल्यास मूळ दोषात नव्या दोषाची भर पडते आणि मग कोणता दोष कशाचा, हे ओळखणे कठीण होते.

‘पान नाही’ असे नेमके कोण सांगत आहे?

काहीही बदलण्यापूर्वी ४०४चे ते पान नीट पाहावे. या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही आहे. या पानाचे रूप तीन प्रकारचे असू शकते आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या दिशेकडे बोट दाखवतो.

पानावर आपल्या ब्लॉगचे नाव, मेनू आणि रंगसंगती दिसत असेल, तर वाचकाची मागणी वर्डप्रेसपर्यंत पोहोचली आहे, पण त्या पत्त्याचा लेख वर्डप्रेसला सापडलेला नाही. अशा वेळी सर्व्हरवरील फाइली बहुधा निर्दोष असतात. दोष लेखाच्या स्थितीत, त्याच्या पत्त्यात किंवा एखाद्या प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडलेल्या पूरक प्रणालीत) शोधावा.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत दोन-तीन ओळी एवढेच असेल, किंवा होस्टिंग कंपनीचे (सर्व्हरवर जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीचे) ठरावीक चित्र दिसत असेल, तर मागणी वर्डप्रेसपर्यंत पोहोचलेलीच नाही. सर्व्हरनेच ती दारातून परत पाठवली आहे.

तिसरा प्रकार फसवा आहे. मुख्य संकेतस्थळही वर्डप्रेसवर आणि ब्लॉगही वर्डप्रेसवर, पण ब्लॉग वेगळ्या फोल्डरमध्ये स्वतंत्रपणे बसवलेला, अशी रचना पुष्कळजण करतात. तेथे ब्लॉगमधील लेखावर क्लिक केले असता मुख्य संकेतस्थळाच्या वेषातील ४०४चे पान येत असेल, तर ब्लॉगची मागणी चुकून मुख्य संकेतस्थळाकडे जात आहे. हे एकदा ओळखले की पुढचा बराच शोध वाचतो.

लेखाची स्थिती आणि वेळ

ब्राउझरची खासगी खिडकी, म्हणजे ‘इन्कॉग्निटो’, उघडून लेखाचा दुवा त्यात तपासावा. नंतर फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरही तपासावा. आपण वर्डप्रेसमध्ये लॉग-इन केलेले असताना मसुदा, खासगी आणि पुढील वेळेसाठी राखून ठेवलेला असे सर्व प्रकारचे लेख आपल्याला दिसतात, मात्र बाहेरच्या वाचकाला त्याच दुव्यावर ४०४ दिसतो. ‘मला दिसतो, इतरांना नाही’ या तक्रारीचे हे सर्वांत साधे कारण आहे. खासगी खिडकीत लेख दिसतो आणि नेहमीच्या खिडकीत दिसत नाही, असे उलटे घडल्यास दोष ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रतीत आहे. ती साठवण पुसली की काम भागते. वायफायवर एक आणि मोबाइल डेटावर दुसरेच दिसत असेल आणि संकेतस्थळ नुकतेच नव्या सर्व्हरवर हलवलेले असेल, तर नवा पत्ता सर्वत्र पोहोचेपर्यंत एक-दोन दिवस थांबावे आणि तोवर काहीही बदलू नये.

त्यानंतर लेखाची वेळ पाहावी. वर्डप्रेस बसवताना कालविभाग न बदलल्यास तो बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहतो आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी ७ वाजता प्रसिद्ध होण्यासाठी राखून ठेवलेला लेख अशा संकेतस्थळावर दुपारी १२:३० वाजता प्रसिद्ध होतो, आणि सकाळी सर्वांना पाठवलेला दुवा तोपर्यंत ४०४ दाखवत राहतो. सेटिंग्जमधील ‘जनरल’ या भागात कालविभाग म्हणून ‘कोलकाता’ निवडावा. राखून ठेवलेले लेख प्रसिद्ध करण्याचे काम वर्डप्रेस कोणीतरी संकेतस्थळाला भेट दिल्यावरच करते, हेही ध्यानात असावे. ज्या वैयक्तिक ब्लॉगवर वर्दळ कमी असते, तेथे ठरलेली वेळ टळून जाते आणि यादीत त्या लेखापुढे वेळ चुकल्याची नोंद दिसते. महत्त्वाचा लेख हाताने प्रसिद्ध करावा, दुवा खासगी खिडकीत उघडून पाहावा आणि मगच तो पाठवावा, असे मी आग्रहाने सांगतो.

परमालिंक्स पुन्हा सेव्ह करणे

सेटिंग्जमधील ‘परमालिंक्स’ हे लेखांच्या पत्त्यांची रचना ठरवणारे पान उघडावे, त्यात कोणताही बदल करू नये आणि तळाचे सेव्हचे बटण दाबावे. या एका कृतीने बहुसंख्य प्रकरणे मिटतात.

यामागचे कारण समजून घेतले, तर पुढील तपासण्याही सोप्या वाटतील. लेखाच्या पत्त्यात दिसणाऱ्या नावाची कोणतीही फाइल सर्व्हरवर प्रत्यक्षात नसते. सर्व लेख डेटाबेसमध्ये असतात आणि प्रत्येक मागणी ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ या एकाच फाइलकडे वळवली जाते. पेठांतील जुन्या वाड्यात सर्व बिऱ्हाडांची पत्रे दिंडी दरवाजाशी येत आणि तेथून ज्याची त्याला दिली जात. येथील व्यवस्था तशीच आहे. मागणी दरवाजापर्यंत आणण्याचे काम सर्व्हरवरील ‘.एचटीॲक्सेस’ (.htaccess) ही फाइल करते आणि दरवाजातून योग्य लेखापर्यंत नेण्याचे काम डेटाबेसमध्ये साठवलेले नियम करतात. सेव्हचे बटण दाबले की वर्डप्रेस हे दोन्ही नव्याने लिहिते. ती फाइल लिहिण्याची परवानगी वर्डप्रेसला नसेल, तर त्याच पानाच्या तळाशी एक छोटा मजकूर आणि तो हाताने फाइलमध्ये घालण्याची सूचना दिसते. अशी सूचना दिसल्यास तो मजकूर जपून ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

एवढ्याने दोष गेला नाही, तर त्याच पानावर आधी सध्याची निवड कागदावर लिहून घ्यावी, मग ‘प्लेन’ हा पर्याय निवडून सेव्ह करावे आणि लेख उघडून पाहावा. साध्या, क्रमांकाच्या पत्त्यावर लेख उघडला, तर लेख सुरक्षित आहे आणि दोष फक्त पत्ता वळवण्याच्या व्यवस्थेत आहे, हे सिद्ध होते. साध्या पत्त्यावरही लेख उघडत नसेल, तर पुन्हा लेखाच्या स्थितीकडे आणि प्लगइनकडे वळावे. तपासणी झाल्यावर मूळ निवड जशीच्या तशी परत आणावी, कारण रचना कायमची बदलल्यास आधी पाठवलेले दुवे तुटू शकतात.

मराठी शीर्षक आणि पत्त्याची लांबी

मराठीत लिहिणाऱ्यांनी या तपासणीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत ती सहसा आढळत नाही.

वर्डप्रेस लेखाचा पत्ता शीर्षकावरून स्वतःच तयार करते आणि त्या नावासाठी डेटाबेसमध्ये २०० जागा राखून ठेवलेल्या असतात. रोमन अक्षराला एक जागा लागते. देवनागरी चिन्हाचे मात्र तीन बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन जागा घेतो; म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा लागतात. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताची खूण यांचीही स्वतंत्र गणना होते. परिणामी मराठी शीर्षकाची साधारण २२ चिन्हे पत्त्यात मावतात आणि उरलेले शीर्षक कापले जाते.

उदाहरणार्थ, पेशवेकालीन पाणीपुरवठ्यावर ‘कात्रज तलावापासून शनिवारवाड्यापर्यंतचा पाण्याचा मार्ग’ असा लेख लिहिला, तर त्याचा पत्ता ‘कात्रज-तलावापासून-शनिवार’ येथेच संपतो. याच शब्दांनी सुरू होणारा दुसरा भाग प्रसिद्ध केला की त्याचा पत्ताही तेथेच कापला जातो आणि दोन्हींत भेद राहावा म्हणून शेवटी एक आकडा जोडला जातो. हा लांबलचक, टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेला पत्ता ईमेलमध्ये ओळ बदलताना किंवा कॉपी करताना मध्येच तुटतो. तुटलेला पत्ता मिळाल्यावर वर्डप्रेस लगेच ४०४ दाखवत नाही. त्या तुकड्याने सुरू होणारा एखादा लेख आहे का याचा ते अंदाज बांधते आणि सापडला तर तो उघडते. लेखमालेचा तिसरा भाग पाठवला आणि वाचकापुढे पहिला भाग उघडला, या तक्रारीचे मूळ येथे असते.

देवनागरी पत्ता हाताने टाइप करणाऱ्यांची अडचण याहून सूक्ष्म आहे. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे लिहिले जाते : एकसंध चिन्ह म्हणून, किंवा ‘अ’, अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र असे तुकड्यांत. ‘ऱ्हास’ या शब्दातील अर्ध्या ‘र’चेही तसेच आहे. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, परंतु सर्व्हरच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते असतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अक्षरजुळणी केलेले शीर्षक तसेच्या तसे चिकटवले, तर पत्त्यात निरर्थक रोमन अक्षरांची रांग येते; दिवाळी अंकात छापलेले जुने लेख ब्लॉगवर आणताना हे हमखास घडते, म्हणून असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

उपाय सोपा आहे. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी संपादन-पडद्याच्या उजव्या बाजूस असलेल्या पत्त्याच्या चौकटीत रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचे नाव द्यावे. शीर्षक पूर्ण मराठीतच राहते. बदलते ते केवळ पत्त्यातील नाव. आधी प्रसिद्ध झालेल्या लेखाचे नाव बदलले, तर वर्डप्रेस जुने नाव लक्षात ठेवून वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवते, त्यामुळे ही दुरुस्ती उशिरा केली तरी चालते.

एकाच नावाचे दोन धनी

कधी मुख्य पत्त्यापुढे ‘ब्लॉग’ या नावाचे पान वर्डप्रेसमध्ये केलेले असते आणि जुन्या प्रयोगातून उरलेला त्याच नावाचा प्रत्यक्ष फोल्डर सर्व्हरवर तसाच पडून असतो. वर्डप्रेसच्या नियमांनुसार मागितलेल्या नावाची खरी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात असेल, तर सर्व्हर प्रथम तेच उघडतो. वर्डप्रेसला विचारतच नाही. अशा वेळी लेख उघडतात, पण यादीच्या पानावर ४०३ (प्रवेश नाकारल्याची सूचना) किंवा ४०४ दिसतो, म्हणजे लक्षण बरोबर उलटे असते. होस्टिंगच्या नियंत्रण-पानावरील फाइल मॅनेजरमध्ये जाऊन त्या जुन्या फोल्डरचे नाव बदलावे. तो लगेच पुसू नये. त्यात जुनी छायाचित्रे असण्याची शक्यता असते.

लपलेली फाइल

येथपर्यंतच्या तपासण्यांत फारशी जोखीम नव्हती. येथून पुढे ती आहे, म्हणून संपूर्ण संकेतस्थळाची आणि डेटाबेसची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘.एचटीॲक्सेस’ हे नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे ती फाइल लपलेली राहते. सीपॅनेल या नियंत्रण-पानाच्या फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सेटिंग्जमधून चालू करावा लागतो. सर्व्हर बदलताना नेमकी हीच फाइल मागे राहते, कारण फाइली निवडणाऱ्याला ती दिसलेलीच नसते. ती सापडली नाही, तर ब्लॉग ज्या फोल्डरमध्ये बसवला आहे त्याच फोल्डरमध्ये नवी फाइल तयार करून परमालिंक्सच्या पानावरील मजकूर तीत घालावा. विंडोजच्या नोटपॅडमध्ये ती तयार केल्यास नावाच्या शेवटी नकळत ‘.टीएक्सटी’ (.txt) जोडले जाते आणि सर्व्हर तिच्याकडे दुर्लक्ष करतो. त्यापेक्षा ती फाइल मॅनेजरमध्येच तयार करणे बरे. फाइलची परवानगी ६४४ आणि फोल्डरची ७५५ असावी. ‘७७७ करा म्हणजे चालेल’ हा सल्ला कोणी कितीही खात्रीने दिला, तरी तो स्वीकारू नये, कारण त्यामुळे सर्व्हरवरील कोणालाही त्या जागी लिहिण्याची मुभा मिळते.

ज्यांच्याकडे ४०४चे पान मुख्य संकेतस्थळाच्या वेषात येत होते, त्यांचे उत्तर येथे आहे. ब्लॉगच्या फोल्डरमध्ये स्वतःची ‘.एचटीॲक्सेस’ नसेल, तर वरच्या फोल्डरमधील फाइलचे नियम लागू होतात आणि मागणी मुख्य संकेतस्थळाकडे जाते. मुख्य संकेतस्थळाची फाइल जशीच्या तशी खाली उतरवली असेल, तरी तेच घडते. ब्लॉगच्या फाइलमधील आधारपत्त्याच्या ओळीत आणि शेवटच्या नियमात ब्लॉगच्या फोल्डरचे नाव असलेच पाहिजे.

हे सारे अपाची आणि लाइटस्पीड या सर्व्हरना लागू आहे. एन्जिनएक्स हा सर्व्हर ‘.एचटीॲक्सेस’ वाचत नाही; त्याचे नियम सर्व्हरच्या मुख्य रचनेत लिहावे लागतात. आपला सर्व्हर कोणता, हे वर्डप्रेसच्या ‘साइट हेल्थ’ या पानावर कळते. तेथे एन्जिनएक्स दिसले आणि सर्व्हर आपण स्वतः सांभाळत नसलो, तर येथेच थांबून होस्टिंग कंपनीला कळवावे.

दुरुस्त होऊन पुन्हा उद्भवणारा दोष

‘.एचटीॲक्सेस’मध्ये वर्डप्रेसच्या आरंभाची आणि समाप्तीची अशा दोन खुणा असतात. या दोहोंमधील मजकूर वर्डप्रेस वेळोवेळी स्वतः लिहिते. तेथे आपण हाताने घातलेले नियम पुढच्या वेळी पुसले जातात. आपले नियम या खुणांच्या बाहेर, वरच्या बाजूस लिहावेत.

तरीही दोष परतत असेल, तर प्लगइन एकेक करून बंद करावेत आणि प्रत्येक वेळी परमालिंक्स पुन्हा सेव्ह करून लेख तपासावा. पाने साठवून ठेवणारे, सुरक्षेसाठी बसवलेले आणि पत्ते वळवणारे प्लगइन प्रथम तपासावेत, कारण हे तिन्ही प्रकार त्याच फाइलमध्ये लिहितात किंवा त्याच मार्गात उभे राहतात. साठवण करणारा प्लगइन कधी कधी दोषाच्या काळातील ४०४चे पानच साठवून ठेवतो आणि दुरुस्तीनंतरही तेच दाखवत राहतो, म्हणून कोणत्याही दुरुस्तीनंतर त्याची साठवण रिकामी करावी. वाचकांची गैरसोय टाळायची असल्यास ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ हा प्लगइन वापरावा. त्याच्या तपासणी-अवस्थेत इतर प्लगइन केवळ आपल्यापुरते बंद होतात.

कोठे थांबावे

‘.एचटीॲक्सेस’मध्ये आपण न लिहिलेले, अर्थ न लागणारे नियम दिसले, किंवा ती पुसल्यावर काही क्षणांत तशीच परत आली, किंवा गूगलवर आपले संकेतस्थळ शोधल्यावर जपानी भाषेतील खरेदीची पाने दिसू लागली, तर कोणीतरी संकेतस्थळात शिरलेले असण्याची दाट शक्यता असते. तेथे पुढची कोणतीही तपासणी करू नये. जाणकार व्यावसायिकाला त्याच दिवशी बोलवावे आणि तोवर फाइली पुसू नयेत, कारण शिरकाव कोठून झाला याचा माग त्यांतच असतो.

डेटाबेसमधील तक्ते हाताने बदलण्याची वेळ आली, डोमेनच्या नेमसर्व्हरला हात लावावा लागणार असे दिसले, किंवा सेटिंग्जमधील वर्डप्रेसचा पत्ता बदलावासा वाटला, तरीही थांबावे. हा पत्ता एका अक्षराने चुकला तरी लॉग-इनचे पानसुद्धा उघडेनासे होते आणि साधी तक्रार मोठे काम होऊन बसते. प्लेन पर्यायावर लेख उघडतो, फाइल योग्य जागी आहे, सर्व प्लगइन बंद आहेत आणि तरीही दोष कायम आहे, अशी स्थिती असेल तर सर्व्हरवर पत्ते वळवण्याची सोय बंद असण्याची शक्यता मोठी असते; ती चालू करणे केवळ होस्टिंग कंपनीच्या हाती असते आणि सामायिक होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक ग्राहक वापरतात तेथे) यासाठी वेगळे पैसे पडू नयेत.

मदत मागताना ‘ब्लॉग चालत नाही’ एवढेच लिहिल्यास उत्तरही तितकेच मोघम येते. न उघडणाऱ्या एका लेखाचा पूर्ण पत्ता, तो उघडून पाहिल्याची वेळ, ४०४चे पान सुरुवातीच्या तीन प्रकारांपैकी कोणते आहे हे दाखवणारे पडद्याचे छायाचित्र, प्लेन पर्यायाच्या तपासणीचा निकाल आणि दोष दिसण्यापूर्वी केलेला शेवटचा बदल, एवढे कळवावे. व्यावसायिकाला आपला पासवर्ड देऊ नये. वर्डप्रेसमध्ये त्याच्यासाठी वेगळे प्रशासक खाते उघडावे आणि दुरुस्ती खासगी खिडकीत तपासून झाल्यावर ते काढून टाकावे.